मोटारीचे नाक आणि चार तारा

आमच्या आप्पांची टॅक्सी आहे. बेळगाव ते पणजी, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून जावयाचे आणि रात्री परत यावयाचे, असा तिचा नेहमीचा क्रम. गाडी लहान, पेट्रोलवर चालणारी, २०१८ सालची. २०२४ च्या जूनमध्ये, कणकुंबीकडे पावसाने नुकताच जोर धरला होता, त्या सुमारास तिच्या समोरच्या फळीवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती; ओढही बरी होती. पेट्रोल मात्र थोडे जास्त खात आहे असे आप्पांचे म्हणणे होते, आणि पेट्रोलच्या बाबतीत टॅक्सीवाल्याचा अंदाज सहसा चुकत नाही.

योगायोग असा, की त्या महिन्यात आमच्या घरी दोन पीयूसींची काळजी चालू होती. एक गाडीच्या धुराचे प्रमाणपत्र, त्याची मुदत संपत आली होती. आणि दुसरी माझ्या धाकट्या बहिणीची, जिला पीयूसीच्या पहिल्या वर्षाला विज्ञान शाखेत प्रवेश घ्यावयाचा होता. कर्नाटकाबाहेरच्या वाचकांना या कोटीतली मेख कळावयाची नाही. आपल्या कॉलेजात ती समजावून सांगण्याची गरज नाही.

शहरातल्या एका गॅरेजात गाडी दाखवली. त्यांनी तपासणीचे यंत्र जोडले, ‘पी ०१३५’ असा संकेतांक निघाला, आणि ‘ऑक्सिजन सेन्सर गेला’ असा निकाल मिळाला. नवा सेन्सर बसवला. मजुरी धरून पाच हजार दोनशे रुपये झाले. दिवा विझला. पाच दिवस गाडी व्यवस्थित चालली आणि सहाव्या दिवशी जांबोटीच्या अलीकडे तोच दिवा पुन्हा लागला, संकेतांकही तोच. आता गॅरेजवाल्यांचे म्हणणे पडले, की सेन्सर नवा आहे, तेव्हा दोष त्याच्यात असणे शक्य नाही. गाडीचा कॉम्प्युटरच गेला असणार. खर्च अठ्ठावीस हजार. आप्पा रात्री जेवताना म्हणाले, ‘‘घालूया की. गाडी उभी करून भागतंय व्हय?’’ ते पैसे कोठून यावयाचे हे कोणी विचारले नाही, कारण कपाटात एकच पाकीट होते आणि त्यावर बहिणीचे नाव होते.

मी त्यांच्याकडे दोन दिवसांची मुदत मागितली. मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, मोटारींचा नव्हे. पण ‘पी ०१३५’चा अर्थ मी शोधून पाहिला होता, आणि त्या अर्थात ‘सेन्सर गेला’ असे कोठेही नव्हते.

पुढची हकीकत सांगण्यापूर्वी हा सेन्सर काय काम करतो ते पाहावे लागेल. मराठीत त्याला प्राणवायू-संवेदक म्हणता येईल, पण गॅरेजात या नावाने मागितल्यास दुकानदार तोंडाकडे पाहत राहील. म्हणून आपण त्याला सेन्सरच म्हणू. इंजिनाजवळ धुराच्या नळीत आटे पाडून तो बसवलेला असतो. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा याहून कमी पडली, की पेट्रोल अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हवा जास्त झाली, की नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा निकाल लागत नाही. धूर शुद्ध करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नळीत पुढे बसवलेला असतो, तो तिन्ही दूषित वायूंना एकाच वेळी तोंड देऊ शकतो, पण मिश्रण या प्रमाणाच्या अगदी जवळ राहिले तरच. म्हणून नळीत एक नाक हवे, जे क्षणोक्षणी हुंगून सांगेल, की पेट्रोल जास्त झाले, आता कमी झाले.

या नाकाची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. आत झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडची, एक पोकळ टोपी असते, शिंप्याच्या अंगुस्तानासारखी. तिला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ लेप. टोपीच्या बाहेर धूर आणि आत आपली साधी हवा. दोन्ही बाजूंच्या प्राणवायूच्या प्रमाणात जितका फरक, त्या मानाने दोन लेपांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. हा फरक आणि दाब यांचे गणित वाल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडले. आपल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात ते समीकरण आहेच. योगायोग पाहा, याच नेर्न्स्टने पुढे १८९७ मध्ये झिर्कोनियाच्या कांडीचा एक विजेचा दिवा केला. त्या दिव्याची खोड अशी, की कांडी थंड असताना तिच्यातून वीज वाहतच नसे. आधी तिला तापवावे लागे. आपल्या सेन्सरचीही तीच खोड आहे. सुमारे तीनशे अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय हे नाक हुंगत नाही. बॉश कंपनीचा असा सेन्सर प्रथम १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या कडक नियमांसाठी, बसवला गेला. त्या वेळी तापवण्याचे काम धूरच करी. पुढे सेन्सरच्या पोटातच एक छोटा हीटर बसवू लागले, म्हणजे गाडी सुरू झाल्यावर थोड्याच वेळात नाक कामाला लागते.

म्हणून आमच्या सेन्सरला तारा चार. दोन पांढऱ्या, हीटरच्या. एक काळी, निरोप नेणारी. एक करडी, त्या निरोपाची परतीची तार. (ही रंगांची पद्धत सगळ्या कंपन्यांची एकच नसते, आपल्या गाडीचा नकाशा पाहिल्याशिवाय हात घालू नये.) निरोपाचा दाब अगदी लहान: पेट्रोल कमी तेव्हा सुमारे ०.१ व्होल्ट, जास्त तेव्हा सुमारे ०.९ व्होल्ट. निरोगी गाडीत तो या दोन टोकांमध्ये सारखा झोके घेत असतो. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत जास्त तारांचे, वेगळ्या जातीचे सेन्सर येतात; त्यांना हे आकडे लावू नयेत.

आता संकेतांकाकडे वळू. ‘पी ०१३५’ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या विद्युत्मंडलात दोष. ‘मंडलात’ हा शब्द महत्त्वाचा. बॅटरी, फ्यूज, रिले, तेथून निघालेली तार, कनेक्टरची पिन, हीटर, परत पिन, परत तार, आणि शेवटी कॉम्प्युटरमधला जो भाग मंडल जोडतो-तोडतो, तो. एवढ्या सगळ्यांचे मिळून ते मंडल होते. त्यांपैकी कोठेही अडथळा आला, तर अपेक्षेइतका प्रवाह वाहत नाही, आणि कॉम्प्युटर दिवा लावतो. त्याला कळते ते इतकेच. गॅरेजवाल्यांनी मंडल वाचले आणि त्यातली सगळ्यांत महाग, दुकानात मिळणारी वस्तू बदलली. दुसऱ्या खेपेला त्याहून महाग वस्तूकडे बोट दाखवले. त्यांच्यात लबाडी होती असे मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे दिवसाला वीस गाड्या येतात, आणि एका पिनेमागे दोन तास घालवण्याचे पैसे कोणी देत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. इंजिन थंड असताना (धुराच्या नळीजवळचे कोणतेही काम थंड असतानाच करावे, माझ्या मनगटावरचा डाग त्याची साक्ष आहे) मी कनेक्टर सोडवला आणि हीटरच्या दोन पांढऱ्या तारांमधला रोध मोजला. ६.४ ओहम निघाला, म्हणजे हीटर शाबूत. मग सहज म्हणून आप्पांनी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला जुना सेन्सर मोजला. ६.१ ओहम. मी आप्पांना काही बोललो नाही. पण ‘गेलेल्या’ सेन्सरचा हीटर गेलेला नव्हता.

फ्यूज पाहिला, नीट होता. मग चावी फिरवून गाडीकडच्या कनेक्टरमध्ये हीटरला जेथून वीज मिळते त्या पिनेवर मीटर लावला. १२.४ व्होल्ट. (काही गाड्यांत इंजिन सुरू असतानाच येथे वीज येते, हे लक्षात ठेवावे.) बॅटरीवरही १२.४. म्हणजे बॅटरीपासून येथपर्यंत सर्व ठीक, हीटर ठीक. मग खरोखरच कॉम्प्युटर? मी अर्धा तास त्या गाडीच्या बंपरवर बसून राहिलो. अठ्ठावीस हजार डोळ्यांसमोर नाचत होते.

येथे मी जी चूक केली ती बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने करू नये अशी होती, आणि ती दाखवून दिली आमच्या गल्लीच्या टोकाला बॅटरीचे दुकान असलेल्या अण्णांनी. ते शाळेत सातवीपुढे गेलेले नाहीत. मी त्यांना मीटरवरचा आकडा अभिमानाने सांगितला. ते म्हणाले, ‘‘दिवा लावून बघितलास काय?’’ आणि त्यांनी डब्यातून वळणाच्या सिग्नलचा एकवीस वॅटचा जुना बल्ब, दोन तारा आणि कनेक्टरमध्ये बेताने बसेल अशी एक बारीक पिन काढून दिली. मीटरची जाड सळी त्या भोकात खुपसू नकोस, असेही बजावले. भोक एकदा फाकले की पकड जाते.

बल्बाची एक तार त्या पिनेला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली. बल्ब लागला, पण कसा, तर देवळातल्या समईसारखा, तांबूस. आणि मीटरवरचे १२.४ व्होल्ट घसरून ७.१ झाले.

असे का व्हावे? आपल्या शहरातला नळ आठवा. नळीत कोठे तरी गाळ अडकलेला आहे. तोटी बंद ठेवून दाब मोजला, तर तो पूर्ण दिसेल, कारण पाणी वाहतच नाही आणि अडथळ्याला अडवण्यासारखे काही नाही. तोटी उघडली, की खरी स्थिती कळते. विजेचेही तसेच आहे. अडथळ्यावर खर्ची पडणारा दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध, ओहमचा नियम. चांगला मीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेत नाही. प्रवाह शून्याजवळ, म्हणून गुणाकारही शून्याजवळ, म्हणून अडथळा कितीही असला तरी मीटर पुरे १२.४ दाखवणार. बल्बाने सव्वा-दीड अँपिअर प्रवाह ओढला, आणि चोर सापडला. हे समीकरण मी परीक्षेत किती वेळा लिहिले असेल! गाडीखाली वाकल्यावर मात्र ते आठवले नाही.

पुढचे काम सोपे होते. बल्ब पेटता ठेवून, बॅटरीकडून कनेक्टरकडे येत एकेका ठिकाणी दाब मोजला. फ्यूजपाशी १२.३. कनेक्टरच्या मागच्या बाजूला, तार आत शिरते तेथे, रबराच्या कडेने सुई सरकवून मोजले: १२.१. आणि त्याच कनेक्टरच्या पुढच्या बाजूला, पिनेवर, ७.१. तार आणि पिन यांच्यामधल्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत पाच व्होल्ट गायब होत होते. प्रवाह १.३ अँपिअर भरला; म्हणजे तेथला रोध जवळजवळ चार ओहम, जेथे तो ओहमच्या शंभराव्या हिश्शाइतकाच असावयास हवा. कनेक्टरला हात लावला तर तोही कोमट लागला. लागणारच, साडेसहा वॅट उष्णता तेथे निर्माण होत होती.

त्या चार ओहमांमुळे हीटरचे काय होत होते याचा हिशेब मी रात्री मांडला. अडथळा नसता तर हीटरला सुमारे तेवीस वॅट मिळाले असते. अडथळ्यासह मिळत होते नऊ. नाक उशिरा तापत होते, आणि ते तापेपर्यंत कॉम्प्युटर हुंगण्यावर न विसंबता ठरावीक अंदाजाने, थोडे हात सैल सोडून, पेट्रोल देत होता. आप्पांचा अंदाज बरोबर होता.

अण्णांनी बारीक हत्याराने पिन कनेक्टरमधून बाहेर काढली. पिनेच्या कानांत जेथे तार दाबून बसवलेली असते, तेथे हिरवा कीट चढला होता; तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा. तारेचे बहुतेक धागे कुजलेले, दोन-तीन काय ते उरलेले. त्या पिनेमागे पाणी अडवणारी रबराची बारीक कडी असावयास हवी; ती नव्हतीच. चोर्ला घाटातला पाऊस आणि चाकाने उडवलेले पाणी, दोन्ही थेट आत.

आणि मग त्या पाच दिवसांचे कोडे सुटले. नवा सेन्सर बसवताना कनेक्टर सोडवून पुन्हा दाबला गेला, तार थोडी हलली, कीट थोडा खरवडला गेला, आणि उरलेल्या धाग्यांनी तात्पुरती पकड घेतली. दिवा विझला तो या हलवाहलवीने. श्रेय मिळाले नव्या सेन्सरला. पाच पावसाळी दिवसांनी कीट पुन्हा जागच्या जागी आला. म्हणून अशा दोषात काही बदलण्याआधी, कनेक्टर न सोडवता, बल्ब किंवा इंजिन चालू ठेवून तारा एकेक करून हलवून पाहावे आणि आकडा उडतो का ते पाहावे. कनेक्टर एकदा सोडवला, की पुरावा अर्धा पुसला जातो.

निरोपाच्या तारांतले दोष वेगळी लक्षणे दाखवतात. पुष्कळ गाड्यांत कॉम्प्युटर त्या तारेवर स्वतःहून सुमारे ०.४५ व्होल्टचा दाब ठेवतो. तार तुटली तर आकडा तेथेच खिळून राहतो आणि ‘पी ०१३४’, म्हणजे सेन्सरची हालचाल नाही, असा संकेतांक येतो. तार घासून गाडीच्या पत्र्याला लागली तर आकडा शून्याला टेकतो, ‘पी ०१३१’. आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरून हीटरची वीज निरोपाच्या पिनेकडे पाझरली, तर आकडा एक व्होल्टाच्याही वर जातो, जो सेन्सर स्वतः कधीच देऊ शकत नाही. तेव्हा ‘पी ०१३२’. झोपलेला माणूस आणि तोंड दाबलेला माणूस दोघेही गप्पच असतात. फरक जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: बल्बाची युक्ती फक्त हीटरला वीज देणाऱ्या पिनेसाठी आहे. निरोपाच्या किंवा कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या तारेला बल्ब लावला, तर अठ्ठावीस हजारांचा खर्च खरोखरच ओढवेल.

दुरुस्तीच्या वेळी माझा उत्साह पुन्हा आड आला. मी डाग देण्याची कढई आणि ग्रीसचा डबा घेऊन बसलो होतो. सगळ्या तारांना पक्का डाग द्यावयाचा आणि कनेक्टर ग्रीसने गच्च भरावयाचा, म्हणजे पाण्याची कायमची कटकट गेली! अण्णा एकदम म्हणाले, ‘‘ताळो तम्मा!’’ कारण त्यांना ठाऊक होते, पण शब्दांत सांगता आले नाही. ‘‘सेन्सरच्या बाजूला डाग दिला की सेन्सर मरतो, पाहिलंय मी’’ एवढेच ते म्हणाले.

कारण मी नंतर वाचले, आणि या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत नवल वाटले ते याचेच. झिर्कोनियाच्या टोपीच्या आत साधी हवा हवी, हे वर सांगितले. ती आत जाते कोठून? सेन्सर तर पाणी शिरू नये म्हणून चोहोबाजूंनी बंद. पुष्कळ सेन्सरांत ती हवा तारांमधूनच जाते: वेष्टनाच्या आत, तांब्याच्या धाग्यांच्या फटींतून, कनेक्टरपासून थेट टोपीपर्यंत. हे नाक स्वतःच्या तारांतून श्वास घेते! डागाच्या कथिलाने त्या फटी बुजल्या, किंवा ग्रीसची वाफ आत गेली, तर आतल्या हवेतला प्राणवायू कमी होतो, दोन्ही बाजूंतला फरक घटतो, दाब उतरतो, आणि कॉम्प्युटर समजतो, की पेट्रोल कमी पडते आहे. मग तो आणखी पेट्रोल ओततो. म्हणजे माझ्या पक्क्या दुरुस्तीने गाडी पूर्वीपेक्षा जास्त प्यायला लागली असती.

म्हणून सेन्सरच्या बाजूला हात लावला नाही. गाडीच्या बाजूची कुजलेली तार दोन इंच मागे, स्वच्छ तांबे लागेपर्यंत कापली, त्याच जातीचा नवा तुकडा जोडला, नवी पिन योग्य चिमट्याने दाबून बसवली आणि मागे रबराची कडी घातली. पिन, कडी आणि तार मिळून एकशेचाळीस रुपये. मजुरी अण्णांनी घेतली नाही; बहिणीच्या प्रवेशाचे पेढे मात्र मागून घेतले. पुन्हा बल्ब लावला. या खेपेला तो डोळे दिपतील असा लागला आणि पिनेवर ११.९ व्होल्ट राहिले.

मग मित्राकडून आणलेले छोटे यंत्र गाडीला जोडून मोबाइलवर सेन्सरचा आकडा पाहिला. आदल्या दिवशी थंड गाडी सुरू केल्यावर तो हलावयास चार मिनिटे लागली होती. आता मिनिटभराच्या आतच झोके घेऊ लागला: ०.१, ०.८, ०.२, ०.९. आप्पा खिडकीतून वाकून पाहत होते. त्यांना आकड्यांशी कर्तव्य नव्हते. त्यांनी बादलीभर पाणी आणून त्या कनेक्टरवर सरळ ओतले आणि पुन्हा खिडकीशी येऊन उभे राहिले. आकडा झोके घेतच होता.

सोमवारी ते भर पावसात पणजीला जाऊन आले. बुधवारी धुराचे प्रमाणपत्र मिळाले आणि शुक्रवारी बहिणीचा प्रवेश झाला. पावसाळाभर तो दिवा पुन्हा लागला नाही. जुना सेन्सर आप्पांनी त्याच वर्तमानपत्रात पुन्हा गुंडाळला आणि डिकीत जॅकशेजारी ठेवून दिला. गॅरेजवाल्यांना दाखवायला नेऊया काय, असे मी विचारले, तर म्हणाले, ‘‘असू दे की. पुढं खरंच जाईल तेव्हा हा लावूया.’’